मागची डावी सीट

टाचणी माझ्या रिकाम्या गॅरेजमध्ये भाडेकरू म्हणून आली तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. अंगाने काडी, आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या. बोलायची तेही त्या न काढता. म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत आणि तीही त्या हाकेला ‘ओ’ देई. आमचे हे गेल्यावर मी मोटार विकून टाकली होती. ते गॅरेज मला खायला उठायचं. तिने आत पाऊल टाकलं, फरशीवरचा काळा डाग पायाच्या अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, “काकू, तुमची गाडी इंजिनाच्या डाव्या अंगाला गळत होती. साहेबांनी लक्ष दिलं नाही वाटतं.” ह्यांनी खरंच दिलं नव्हतं. मी त्याच दिवशी तिला किल्ली दिली.

जुन्या गाड्यांच्या सीटा शिवणं हा तिचा धंदा. विकायला काढलेल्या मोटारी आणि व्हॅन डीलर तिच्याकडे पाठवत. फाटलेलं रेक्झिन, दबलेला फोम, लोंबणारं छताचं कापड, सगळं ती ठाकठीक करून देई. पण कव्हर उसवण्याआधी ती त्या सीटवर डोळे मिटून बसायची. मग सांगायची, “हा माणूस पाकीट उजव्या खिशात ठेवून बसायचा. कंबर दुखत असणार त्याची.” किंवा, “या बाईचे पाय पोचत नव्हते. कायम पुढे सरकून, जीव मुठीत धरून चालवायची.” ज्यांना तिने कधी पाहिलं नाही अशा शेकडो माणसांची बैठक तिला ठाऊक होती.

ओळखीपाळखीचे लोक जुनी गाडी घ्यायला निघाले की तिला सोबत नेत. ती रंगाकडे बघत नसे, किलोमीटरच्या काट्याकडे तर मुळीच नाही. सीटबेल्ट धरायची आणि शेवटपर्यंत ओढून काढायची. “गाडी बुडालेली असली की डीलर सगळं धुतात,” ती मला म्हणाली होती, “पण आत गुंडाळलेला पट्टा कोणी बाहेर काढत नाही. त्यावर गढूळ रेघ असते. पाणी कुठवर चढलं होतं ते पट्टा सांगतो.” मग ती सीटखाली हात घालून स्क्रूंना गंज आहे का बघे आणि नाक मॅटला लावून हुंगे. लोक हसत. ती म्हणे, “हसा. उद्या ब्रेक लागला नाही की रडा.”

तिचा धाकटा भाऊ तिच्या जिवाचा तुकडा. आईवडील लवकर गेले, त्याला हिनेच वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. त्याची मुलगी सहा वर्षांची. आत्या टाचणी म्हणून तिचं नाव घरात बटण पडलं होतं. भावाची कारखान्यातली नोकरी सुटली आणि त्याने ठरवलं की व्हॅन घेऊन मुलांना शाळेत सोडायचं काम करायचं. अकरा मुलं ठरली. शाळा उघडायला तीन आठवडे होते. तो एका पांढऱ्या व्हॅनपाशी टाचणीला घेऊन गेला आणि म्हणाला, “ताई, तू हो म्हटलंस तर घेतो. नाहीतर नाही.”

मीही गेले होते. घरात बसून तरी काय करणार होते? टाचणीने दार उघडलं, सीटवरून हात फिरवला आणि तिचा चेहराच बदलला. शिवणीवरून नखाने रेघ ओढत गेली. “काकू, हे बघा. टाका बघा कसा एकसारखा. कोपऱ्यात चुणी नाही. ज्याने शिवलंय त्याच्या हातात कसब आहे हो.”

“तुझ्यापेक्षा?” भाऊ चिडवायला म्हणाला.

“माझ्याइतकं,” ती म्हणाली. “एवढं काम ज्याने करून घेतलंय त्याने गाडी जपलीच असणार. घे.”

त्या दिवशी तिने पट्टा ओढला नाही. मी तिथे होते, मी पाहिलं, आणि मलाही आठवण झाली नाही.

व्हॅन माझ्या अंगणात उभी राहू लागली. तिसऱ्या दिवशी भावाने विचारलं, “काकू, झाडांना पाणी घालताना पाइप आत गेला होता का?” मागच्या लांब सीटच्या डाव्या टोकाला ओल होती. दोन तळव्यांएवढी. मी पाइप वापरतच नाही, झारीने पाणी घालते. त्याने ती जागा पुसली, दिवसभर दारं उघडी टाकली, वाळली. दुसऱ्या सकाळी पुन्हा ओली.

मिस्त्री आला. दाराचं रबर जुनं झालं म्हणाला, रबर बदललं. मग म्हणाला, काचेच्या खाली वायपरपाशी जाळी असते, तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी आत उतरतं. ती जाळी त्याने साफ केली. मूठभर चिखल निघाला. मग एसीची नळी. मग छत. शेवटी तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, “पण दादा, एक सांगा. चार महिने पाऊस नाही. मी अडवतोय ते पाणी यायचंय कुठून?”

“ते तू सांगायचं, मिस्त्री तू आहेस,” भाऊ म्हणाला.

“मी इंजिनाचा मिस्त्री. आभाळाचा नाही.”

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेल्या सवयीने मी रोजचं रोज लिहून ठेवते, म्हणून वेळ नक्की सांगू शकते. दहाव्या दिवशी, सकाळी सव्वासहाला, मी झारी घेऊन व्हॅनच्या बाजूने जात होते. सगळ्या काचा स्वच्छ. मागची डावी काच मात्र आतून धुरकटलेली होती. पूर्ण नाही, बशीएवढा एक गोल, काचेच्या अगदी खालच्या कडेला. मोठं माणूस बसलं तर त्याचा खांदा येईल तिथे. मी पदराने पुसलं. बाहेरून पुसून काय होणार? मी झारी खाली ठेवली आणि बघत राहिले. तो गोल लहान झाला. मग मोठा झाला. मग पुन्हा लहान. मी आत बघितलं, आत कोणी नव्हतं. मी घरात आले आणि चहा करायला ठेवला. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

मी टाचणीला सांगितलं. तिने टाचण्या ओठांतून काढल्या, हे तिने क्वचितच केलं असेल. “फोममध्ये दमट राहिलं की काच वाफ धरते, काकू,” एवढंच म्हणाली. पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी दुपारी भावाने बटणला आणि गल्लीतल्या तीन पोरींना बसवून एक फेरी मारली. आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. व्हॅन परत आली तेव्हा चौघी मागच्या सीटवर उजवीकडे एकमेकींवर चढून बसलेल्या. एक तर बटणच्या मांडीवर. चौघींना पुरून उरेल एवढी ती सीट.

“अगं, गुदमराल,” टाचणी हसत म्हणाली. “डावीकडे सरका की!”

बटणने डावीकडे पाहिलं, मग आत्याकडे. “सरकू कुठे?” ती म्हणाली. “जागा कुठाय?”

बाकीच्या तिघींना त्यात नवल वाटलं नाही. त्या उजव्या दाराने उतरल्या आणि खेळायला पळाल्या.

टाचणी आत चढली. पाना मागून घेतला, मागच्या सीटचे बोल्ट सैल केले आणि ती लांब सीट उलटी केली. खालच्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही, तिथे लाल दोऱ्याची एक गाठ होती. ती गाठ मी ओळखत होते. तिने शिवलेल्या प्रत्येक सीटखाली ती असते.

ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मग म्हणाली, “ही व्हॅन निळी होती तेव्हा, बुडून आलेली. दीड वर्ष झालं. रंग बदलला म्हणून कळलं नाही. माझंच काम, काकू. माझ्याच टाक्याला मी भुलले.”

“पण बुडालेली होती हे तुला तेव्हा कळलं होतं?”

“पट्टे ओढले ना मी. पुढच्या दोन्हींवर रेघ होती, छातीपर्यंत. आणि मागचा डावा… त्याचं बक्कल लावलेलंच होतं. पट्टा मधोमध कापला होता. सुरीने. मी डीलरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुझं काम शिवायचं आहे, शिव. मी नवा पट्टा घातला. फोम नवा, कापड नवं. आणि सीटवर बसते ना मी आधी, डोळे मिटून… ती एकच वेळ, बसले नाही.”

“भावाला सांगायला हवं,” मी म्हटलं.

“तो माझ्या शब्दावर घेऊन बसलाय. सोमवारी अकरा मुलं चढणार. सांगितलं तर त्याचं काम गेलं आणि मीही गेले त्याच्यासाठी. नाही सांगितलं तर…” बाहेर बटण दोरीवर उड्या मारत होती, त्याचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी तिने सांगितलं. व्हॅनजवळच, उभ्या उभ्या. मी खिडकीत होते. भाऊ ओरडला नाही. तो म्हणाला, “सगळ्या गावाच्या गाड्यांचे पट्टे ओढतेस, ताई. माझ्याच गाडीचा राहिला?” मग म्हणाला, “आणि दीड वर्षापूर्वी दुसऱ्या कोणाचा भाऊ फसला असता तर चाललं असतं?” तो अकरा घरी जाऊन नाही म्हणून आला. दुसऱ्याचा ट्रक चालवायला लागला आणि बहिणीशी बोलणं सोडलं.

व्हॅन डीलरला परत द्यावी असं मिस्त्रीने सुचवलं. “परत दिली तर तो पुन्हा रंगवून विकेल,” टाचणी म्हणाली. “पुन्हा माझ्याकडेच शिवायला येईल.” ती भंगारात जायची ठरली. पण त्याआधी तिला तो पट्टा कोणाचा होता हे विचारायचं होतं. गाडीच्या पुस्तकात पहिल्या मालकिणीचं नाव-पत्ता होता. “काकू, तुम्ही चला,” ती म्हणाली. “मधे तुम्ही बसलात तर तो निदान रस्ता तरी विचारेल.” भावाने गाडी चालवली. रस्ताही त्याने मलाच विचारला.

दार उघडणारी बाई उंच होती, हातात ओला कपडा. रंग पांढरा असूनही तिने व्हॅन ओळखली आणि चौकट धरली. टाचणीने हात जोडून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. आता ही बाई काय सांगणार याची मला खात्री होती.

“माझी मुलगी वाचली,” ती म्हणाली.

भुयारी रस्त्यात अचानक पाणी भरलं होतं. गाडी बंद पडली. ती स्वतः खिडकीतून निघाली, मागे मुलीचं बक्कल अडकलं. एका ट्रकवाल्याने बुडी मारून पट्टा कापला आणि मुलीला ओढून काढलं. भाऊ पायरीवर बसला. त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं, आणि दोघांनाही हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. आठ वर्षांची, दोन वेण्या. ती सरळ व्हॅनपाशी गेली, मागच्या डाव्या काचेला नाक लावलं आणि आत बघितलं.

“ती अजून आतच आहे?” तिने विचारलं.

“कोण गं?” टाचणी म्हणाली.

“पाण्यात माझा हात धरला होता ती. ट्रकवाल्या काकांनी मलाच ओढलं.”

आईने मुलीला जवळ ओढलं. “मागे ही एकटीच होती,” ती आम्हाला हळूच म्हणाली. “एकटीच होती हो.” तिने मुलीला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

नंतरचं थोडक्यात सांगते. टाचणीने त्या डीलरचं काम सोडलं, आणि तिच्या अटीवर काम देणारे फार थोडे उरले. ती अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे, चष्मा लागला आहे. आता प्रत्येक सीटवर ती आधी बसते, कितीही नको वाटलं तरी. कधी बसल्या बसल्या उठून म्हणते, “ही मी शिवणार नाही,” आणि कारण सांगत नाही.

पण त्या घरून निघालो ते आम्ही थेट भंगारवाल्याच्या आवारात गेलो. टळटळीत दुपार. भंगारवाल्याने पाहणी केली, कागद घेतले, “आत काही राहिलं असेल तर काढून घ्या” म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. भावाने मागचं डावं दार उघडलं. पट्टा लावलेला होता. रस्ताभर मागे कोणी बसलं नव्हतं. आम्ही तिघंही पुढे दाटीवाटीने बसलो होतो.

टाचणीने बक्कलचं लाल बटण दाबलं. सुटला की पट्टा सटकन मागे जातो. हा हळूहळू गेला, कशावरून तरी घसरत जावा तसा.

ती बाजूला झाली आणि दार उघडं धरून उभी राहिली. भंगारवाला लांबून ओरडला, “झालं का, ताई? क्रेन यायचीय.”

“थांबा जरा,” ती म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघत होता. आता हा चिडणार असं मला वाटलं. “किती वेळ, ताई?” त्याने विचारलं. ‘ताई’ म्हणाला तो.

“लहान आहे रे. वेळ लागतो.”

त्या व्हॅनची पायरी उंच होती. भावाने ती पाहिली. मग तो पुढे झाला, थोडा वाकला आणि बटणला उतरवताना धरतो तसा त्याने आपला हात त्या रिकाम्या दारात पुढे केला.