सुट्टीच्या दिवशी डोंगराचं पाणी

सकाळी पाच वाजून अडतीस मिनिटांनी धोंडिराम परब घाटकोपरच्या डोंगराखाली रस्त्यातलं पाण्याच्या व्हॉल्व्हवरचं लोखंडी झाकण सरकवत होता. पाच फुटी चावी आत उतरवून तो वाकला, तेवढ्यात फोन वाजला. पाणी खात्याचे अभियंता केयूर पंडित.

"धोंडिराम, आज डोंगराची लाइन उघडू नका. मैदानाची उघडा."

शहराच्या स्थापना दिनाला यंदा पहिल्यांदाच स्थानिक सुट्टी जाहीर झाली होती. शहर नेमकं कधी वसलं यावर एक समिती वर्षभर बसली, मग तारीख ठरली. मैदानावर मांडव होता, भाषणं होती, पाहुण्यांसाठी कारंजं होतं. मैदानाची लाइन उघडली की पाणी तिकडेच ओढलं जातं. वरच्या चारशे घरांपर्यंत चढत नाही.

"आणि डोंगराचं काय, साहेब?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे. सुट्टी आहे, लोक घरीच असतील."

"घरी असतील म्हणून तर पाणी जास्त लागेल."

धोंडिराम चोपन्न वर्षांचा. सव्वीस वर्षं हीच चावी फिरवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय. नरक चतुर्दशीला डोंगरावरची अभ्यंगस्नानं त्याने पाणी सोडलं की सुरू होतात. त्याचं स्वतःचं नऊनंतर. पाण्याची पाळी चुकवायचा तोंडी हुकूम त्याने एकदाच मानला होता. लोक रस्त्यावर आले, चौकशीत तेव्हाच्या साहेबांनी कानावर हात ठेवले आणि निलंबन झालं ते धोंडिरामचं.

"लेखी द्या, साहेब."

"आज लेखी कुठून देऊ? ऑफिस बंद. सही कोण करणार?"

"मग सही झालेलं वेळापत्रक आहे ना, तेच चालेल. सुट्टीच्या परिपत्रकातच लिहिलंय, अत्यावश्यक सेवा वगळून."

"हे महागात पडेल, धोंडिराम."

"उद्या ऑफिस उघडलं की बघा."

पहिल्याच नळावर डोंगरावरच्या वस्तीतली जानकी दोन हंडे घेऊन उभी होती. "काय रे धोंडू, साहेब शिव्या घालतोय?"

"वाढदिवस आहे गं आज. शहराचा."

"मग आंघोळ तर घाल त्याला आधी!"

त्याने डोंगराच्या लाइनीवर चावीचे बावीस फेरे दिले. पाइपात पाणी घुमलं. मांडवातले दोन कार्यकर्ते तावातावाने आले, तेव्हा धोंडिराम चावी मांडीवर आडवी घेऊन तिथेच बसला होता.

"काका, पाहुणे येतायत. कारंजं कोरडं आहे."

"टँकर मागवा. नाहीतर सव्वासातपर्यंत थांबा. मैदानाची पाळी तेव्हाच असते."

ते बराच वेळ बोलले. तो उठला नाही.

दुपारी मोबाइलवर खात्याचा निरोप आला: उद्या अकरा वाजता खुलाशासाठी हजर राहावे. त्याआधी धोंडिरामला पाच चाळीसला डोंगराची लाइन उघडायची आहे, आणि सात दहाला बंद करायची आहे.