गेनूच्या तोंडातले आवाज

भामा नदीकाठच्या गावांत दहाव्याला माईक लागतोच. घाटावर ताडपत्री, खाली सतरंज्या, आधी महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली, आणि त्या सगळ्यांना नावानिशी पुकारणारा एक सूत्रसंचालक. गेनू तिथं तयार झाला. बारावी नापास, चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामाला. पण गडी बोलायला लागला की माईकविना पैलतीरावरच्या म्हशी मान वर करायच्या.

गावातल्या म्हाताऱ्या कोंडाजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून माणसं मागं सरली, तरी कावळे आपले करंजाच्या शेंड्यावर. पोरं हात जोडून म्हणाली, "आबा, जमीन न्हाई इकणार." सुना म्हणाल्या, "आत्याबाईंला सांबाळू." शेंडा हलेना. उन्हं चढली, लोक घड्याळं बघायला लागले. तेवढी वेळ मारून न्यावी म्हणून गेनूनं माईक तोंडाशी धरला, आणि त्याच्या तोंडातनं कोंडाजी बोलला.

"अरं, त्या आंधळ्या बैलाला कुनी पानी दावलं का रं?"

तोच घोगरेपणा, मधी तोच तंबाखूचा ठसका. कोंडाजीची बायको पदर सावरत उभीच राहिली. थोरला पोरगा तसाच गोठ्याकडं पळाला, आणि कावळा सरळ खाली आला.

"काय नक्कल करतो राव!" लोक म्हणाले. घरी जाताना त्याची आई, भागूबाई, मात्र बांधावर थांबून म्हणाली, "त्यो तू न्हवतास."

"मग कोन व्हतं?"

"मला काय इचारतोस? त्वांड तुजं."

त्या दिवसापासनं गेनूला पंचक्रोशीतनं बोलावणी यायला लागली. त्यातच चिंचवडच्या एका केबलवाल्यानं त्याला हेरलं. तिथं गेनूचा गणराज झाला. झब्ब्यावर जाकीट, केसाला रंग. 'सासूबाई बोलतात' हा त्याचा कार्यक्रम काळेवाडीपासून हिंजवडीपर्यंत घराघरात लागायचा. सुनेला स्टेजवर घ्यायचं, तिची सासू कशी बोलते ते तिला विचारायचं, आणि गणराजनं सासूची नक्कल करायची. नक्कल कच्चीच असायची. लोक हसायचे त्या कच्चेपणालाच. पुढं विजयश्रीशी लग्न झालं. बाई हुशार. साउंड, मांडव, एलईडी पडदा सगळं घरचं करून तिनं इव्हेंट कंपनी उभी केली. नवऱ्याच्या तोंडावर दहाबारा घरांची चूल पेटायला लागली.

काळेवाडीच्या एका कार्यक्रमात बार्शीकडची मोनिका नावाची सून वर आली. तिनं सासूबद्दल चकार शब्द काढायच्या आत गणराजच्या तोंडातनं आलं, "मोने, दळन आनलंस का? का डबा चक्कीवरच ठिवलास?"

मोनिका हसून हसून खाली बसली. "अय्यो! आमच्या आत्याच की! तुमी कवा भेटलाव त्यांना?"

गणराज कधीच भेटला नव्हता. टाळ्या चालूच होत्या. दुसऱ्या दिवशी मोनिकाच्या नवऱ्याचा फोन आला. आई काल संध्याकाळी गेली, चक्कीवरनं येताना. गावाकडनं निरोप पोचला तेव्हा कार्यक्रम संपलेला होता.

तेव्हा गेनूला उमगलं. जित्या माणसाची नक्कल त्याला कच्चीच जमायची. हुबेहूब यायचा तो मेलेल्याचा आवाज.

मग त्याला एकच भ्या लागलं. भागूबाई गावात एकटी राहायची, फ्लॅटवर यायला राजी नव्हती. "तुज्या त्या खुराड्यात मला वारं लागत न्हाई," म्हणायची. स्टेजवर चढायच्या आधी गेनू मेकअपच्या आरशापुढं उभा राहून तिची नक्कल करायचा. शेळी बेंबाटल्यासारखं काहीतरी निघायचं. ते ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मग फोन लावायचा.

"आये, जेवलीस का?"

"जित्ती हाय रं. जा, नाच तिकडं."

चॅनलच्या वर्धापनदिनाला मात्र भागूबाई आपण होऊन आली. दुपारचा थेट कार्यक्रम, चिंचवडातला भरगच्च हॉल. विजयश्रीनं तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, हातात लिंबू सरबताची बाटली दिली. गेनूनं आत आरशापुढं आवाज काढून बघितला. शेळीच. बाहेर येऊन बघितलं, तर आई समोरच. इतक्या वर्षांत एवढ्या निर्धास्त मनानं तो कधी बोलला नव्हता.

तेजल नावाची एक सून स्टेजवर आली, ती भलतीच आगाऊ. "दादा, रोज आमच्या सासवा काढता. आज तुमच्या आईची नक्कल करा की! समोरच बसल्यात."

हॉल ओरडला, "झालीच पाहिजे!" गेनूही हसला आणि माईक जवळ घेतला.

"गेन्या, आता ठिव त्यो माईक खाली. लई झालं."

शेळी नव्हती. आईच होती, दातांच्या फटीतल्या शिट्टीसकट.

टाळ्यांचा पाऊस पडला. पहिल्या रांगेत भागूबाईची मान छातीवर टेकली होती, डुलकी लागल्यासारखी. हातातली बाटली कलली होती. सरबत लुगड्यावर सांडत होतं, आणि ती पुसत नव्हती.

गेनूचे ओठ सवयीनं हलले. "घेऊया एक छोटीशी विश्रांती," तो कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला. माईक हातातच होता.

दहाव्याला घाट माणसांनी भरला. डोईचे केस उतरवलेला गेनू पिंडापुढं उभा. कावळे करंजाच्या शेंड्यावर. विजयश्री पुटपुटली, "सासूबाई, यांना जपेन. घराला कायम कुलूप नाही लावणार." एकही खाली येईना. शेवटी गावातला जाणता रंगराव माईक घेऊन आला आणि त्यानं तो गेनूच्या हातात कोंबला.

"सगळ्या गावच्या मयतांचं बोललास. आता आयचं बोल की बाबा."

गेनूनं तोंड उघडलं. आत कुणीच नव्हतं. तिला जे बोलायचं ते ती बोलून गेली होती, आणि हॉलमधलं ते बोलणं तिचंच होतं हे गेनूशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं विजयश्रीकडं बघितलं. दिवाळीपर्यंतची सगळी कामं तिनं धरलेली होती. तो वाकला आणि माईक पायाखालच्या दगडावर ठेवला. बटणही बंद केलं.

विजयश्री काही बोलायला गेली, तोवर पंख वाजले. कावळा पिंडावर उतरला होता.

माणसं सुटल्यासारखी उठली. रंगराव म्हणाला, "गेनू, पंगतीचं पुकार की माईकवर."

गेनूनं माईक उचलला नाही. "मंडळी, जेवून जावा," तो तसाच म्हणाला. आवाज बारीक, चिरका, कुणाचाच नसल्यासारखा. तिसऱ्या रांगेच्या पुढं तो कुणाला ऐकूच गेला नाही.