माझ्या पाठीतलं हाड

“स्पॉन्डिलोलिस्थेसिस,” एमआरआयची फिल्म उजेडावर धरत डॉक्टर म्हणाले. म्हणजे कमरेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढं घसरला होता. माझा डावा पाय बधिर पडायचा, तो त्यामुळंच.

दुष्काळाची दोन वर्षं सरली होती. आमचं शहर बीड बायपास रस्त्यापर्यंत वाढलं, पाणी मागंच राहिलं. आमच्या नव्या इमारतीचं बोअर आटलं. टँकर आला की हंडे तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, मग स्कूटरनं फुलंब्रीला शाळेत शिकवायला जायचं. दुखणं मी वर्षभर अंगावर काढलं.

ऑपरेशन ठरलं, स्पायनल फ्यूजन. दोन मणके स्क्रूनं धरून मध्ये बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाचा भराव घालायचा. मग ते जुळून एक होतात. माझंच हाड काढायचं तर कमरेला दुसरी जखम झाली असती, ती मला नको होती. उरले दोन पर्याय. एक, कुणी मृत्यूनंतर दान केलेलं, तपासून निर्जंतुक केलेलं हाड. दुसरा सिंथेटिक, कॅल्शियमपासून बनवलेला. त्यात माणसाचं काही नसतं. दोन्ही फक्त आधार देतात, त्यात नवं हाड आपल्या शरीरालाच वाढवावं लागतं.

“तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील. तुम्ही ठरवा,” डॉक्टर म्हणाले.

मी दानाचं हाड सांगितलं.

घरी सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. “मेलेल्या माणसाचं हाड? घरात देव आहेत आपल्या!”

माझे यजमान सुधीर म्हणाले, “आई, शरीर तिचं आहे. तिला ठरवू दे.” किती आधार वाटला मला!

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी पुढं केलेल्या कागदांवर मी न वाचता सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. सिल्लोडच्या शबानामावशी वॉर्डात आया होत्या. “आस्ते, बाई. लई छान चालताय,” म्हणत त्या सोबत चालल्या.

घरी रोज सकाळी कमरेचा पट्टा बांधला की मी त्या अनोळखी दात्याला हात जोडायचे. एकदा ह्यांना विचारलं, “त्यांच्या घरच्यांना कळत असेल का हो, मी चालायला लागले ते?”

पट्टा सारखा करत हे म्हणाले, “कळत असेल.”

चार महिन्यांनी एक्स-रे झाला. मी डॉक्टरांना विचारलं, “दात्याच्या घरी निनावी पत्र पाठवता येईल का?”

त्यांनी फाइल चाळली. “पण तुम्हाला सिंथेटिक घातलंय. तुमचा विचार बदलला, असं मिस्टरांनी सांगितलं. फॉर्मवर सही तुमचीच आहे.” फाइल मिटत ते म्हणाले, “मी तुम्हालाच विचारायला हवं होतं.”

मी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडं पाहिलं.

“आईनं तुझ्या हातचं जेवण सोडलं असतं. तूच विचार बदललास, असं तिलाही सांगितलं,” हे म्हणाले. “आणि झालं ना सगळं नीट?”

झालं होतं. मणके छान जुळत आले होते. सिंथेटिकला मी नावं ठेवत नाही. पण चार महिने मी हात जोडत होते आणि हे शेजारी उभे राहून बघत होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर कागद स्वतः वाचा. निर्णय डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगा, माणूस कितीही जवळचं असो.

मी आज विनापट्टा चालते. डॉक्टरांचे, शबानामावशींचे उपकार विसरणार नाही. ह्यांनी माफी मागितली. मी म्हटलं, “आईंसमोर सांगा, की तुम्ही माझ्या नावानं खोटं बोललात.”

त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आम्ही तिघं रोज एकत्र जेवतो.