आईचा प्रश्न, सासूबाईंची रीत

बाळांनो, येत्या महिन्यात तुम्ही दोघं घर सोडून अनोळखी मुलांबरोबर खोली घेऊन राहणार, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. म्हणून तुमची आजी हे आताच लिहिते.

आमची वरची खोली भाड्यानं द्यायची होती, तेव्हा एक नर्स बघायला आली. मूळची निपाणीची. पिरनवाडीला बहिणीकडं राहायची आणि तिथून इथं शहापुरात दवाखान्यात रात्रपाळीला येणं-जाणं तिला जमत नव्हतं. तिनं एकटीनंच वर जाऊन नळ सोडून बघितला, खिडकी उघडली, खोली पसंत केली. ती उतरत असताना मी खालून विचारलं, "आडनाव काय तुझं?"

हा प्रश्न माझ्या आईचा. लहानपणी आम्ही कॅम्पात, लष्कराच्या वस्तीजवळ, राहायचो. व्हरांड्यात कुणी नवीन आलं, की आई चष्म्यावरून बघत आधी आडनाव विचारायची, मग गाव, आणि तेवढ्यावरून पाणी कुठल्या पेल्यात द्यायचं ते ठरवायची. इंग्रजी शाळेत शिकणारी मी, त्या पेल्यांवरून तिच्याशी भांडायचे. लग्नानंतर माझ्या घरात सगळ्यांना सारखेच पेले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला होता, चष्म्यावरून बघण्यासकट, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पोरगी जिन्यातच थांबली. "आजी, आडनाव सांगितलं की जिथं तिथं खोली कालच दिल्याली असती बघा. तुम्ही पण तसंच म्हणणार असला तर आत्ताच सांगा. मला ड्यूटी हाय."

"मी जात नाही विचारली," असं म्हणायला तोंड उघडलं. पण तीच विचारली होती. मग मी चक्क माझ्या सासूबाईंसारखी बोलू लागले. त्या खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या. परक्या माणसाला काही विचारायच्या आधी स्वतःचं सगळं सांगून टाकायच्या. बसमध्ये शेजारणीला म्हणायच्या, "आमच्या दोन म्हशी हाईत, त्यातली एक लई वांड. मालक तिच्याहून वांड. तुमचं कसं हाय, आक्का?" मी तेव्हा लाजेनं खिडकीबाहेर बघत बसायचे.

"मला ऐकायला कमी येतं," मी त्या पोरीला म्हटलं. "टीव्ही मोठ्यानं लावते. गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही, तेव्हा वर येऊन डोकावणार नाही. आणि सकाळी लवकर भांडी घासते, आवाज होतो."

"सकाळी मी ड्यूटीवरनं येऊन झोपणार. भांडी तेवढी सावकाश."

"बघते."

"बघते न्हाय, आजी. व्हय म्हणा."

"व्हय."

ती हसली. मग तिनं आपणहून सांगितलं, की वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि तिला शिकवायला आईनं विड्या वळल्या. मी किल्ली दिली.

तुमच्या सामानातही आमचं काहीबाही आलं असेल, न सांगता. चांगलं कुठलं आणि टाकायचं कुठलं, ते मला इथून दिसत नाही. तुमच्या तोंडून निघेल तेव्हा तुम्हालाच ऐकावं लागेल.

ती नर्स अजून वर राहते. आणि दारात कुणी नवीन आलं, की आईचा प्रश्न अजून माझ्या जिभेवर येतो.