काचेपलीकडचं बोलणं

गिरणीत सव्वीस वर्षं माग चालवले की माणसाला दोन गोष्टी आपोआप येतात. एक, घसा फोडून बोलणं. दुसरी, समोरच्याचे ओठ पाहून त्याचं बोलणं ओळखणं. मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोगच नसतो. तितकी वर्षं मागावर काढलेल्या एका बाईंना दोन्ही उत्तम येई. गल्लीत सगळे त्यांना ‘भोंगा’ म्हणत आणि बाई त्या नावाला आनंदानं ओ देत.

त्यांच्या मुलीचं गिरणीतल्या हेडक्लार्कांच्या मुलाशी जमलं होतं. मुलाच्या आईवडिलांनी चहाला बोलावलं. बाईंचे यजमान पाळीवर होते, म्हणून मायलेकीच निघाल्या.

“आई, तिथे हळू बोल हं,” जिना चढताना मुलगी म्हणाली. “आज बिघडलं तर हे लग्न व्हायचं नाही. त्यांच्याकडे कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही.”

“मग मला शिंक आली तर? गिळू?”

“गिळ.”

हळू बोलणं बाईंना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी सरळ तोंडाला कुलूपच लावलं. साखर किती, विचारलं तर दोन बोटं. घर सापडलं ना, विचारलं तर मान. पंधरा मिनिटांत मुलीला घाम फुटला. मुलगा छताकडे बघत बसला.

शेवटी मुलाची आई उठली आणि नवऱ्याला पलीकडच्या खिडकीशी घेऊन गेली. कुजबुज कुणाच्या कानावर पडली नाही; पण बाईंची नजर सवयीनं तिच्या ओठांवर गेली.

‘मुलगी गुणाची आहे हो. पण आईला आपण पसंत नाही. एक शब्द बोलत नाहीत. मनाविरुद्ध दिलेली मुलगी नको मला. राहू द्या.’

“अहो, राहू द्या काय!” बाई गरजल्या. बशीतला कप थरथरला. “पसंत आहात तुम्ही! पोरीनं गप्प बस म्हटलं म्हणून बसले होते. जीव गुदमरला माझा!”

“पण तुम्हाला तिथून ऐकू कसं आलं?” मुलाच्या आईनं विचारलं.

“ऐकू कुठं आलं? दिसलं. मागावरच्या आम्हा सगळ्यांना दिसतं.”

हेडक्लार्कांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांचं ऑफिस मागखात्याच्या डोक्यावर, चारी बाजूंनी काचेचं. “म्हणजे वर आम्ही बोलतो ते...”

“सगळं. साहेब गेले की त्यांच्या खुर्चीत बसून तुम्ही त्यांची नक्कल करता, तेही. फार छान करता हो! त्या वेळी खात्यात एकाचीही मान खाली नसते.”

हेडक्लार्क मटकन खाली बसले.

“हे? नक्कल?” त्यांची बायको थक्क झाली. “घरी तर महिन्यातून एकदा हसतात!” मग तिनं बाईंचा हात धरून त्यांना उठवलं. “चला विहीणबाई, आत चला. मला पहिल्यापासून सगळं सांगा.”

स्वयंपाकघराचं दार लागलं. मुलीनं मुलाकडे पाहिलं. त्याची नजर पहिल्यांदाच छतावरून खाली उतरली होती. लग्नाची तारीख आतच ठरली, आणि ती बाहेर येऊन सांगायची कुणाला गरज पडली नाही. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनीसुद्धा ती कॅलेंडरवर लिहून घेतली.