दोष माझा, थोरवीही माझीच
सातपूरच्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं लोखंडी बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या आखूड नळ्या, तपासतोय. भोक मोजायच्या गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी अडली पाहिजे. तसं झालं नाही की माल लाल पेटीत. माझ्या हातून नापास माल पुढे गेला असं कोणी दाखवून द्यावं. घरी मात्र मी एक नापास रिपोर्ट वर्षभर दाबून ठेवला, आणि तो माझाच होता.

पहिल्या टेस्ट ट्यूबच्या वेळी बायकोला दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गर्भ पडला. डॉक्टरीणबाईंनी मला वीर्याची आणखी एक तपासणी करायला लावली. निकाल असा, की शुक्राणू संख्येने बरे, पळतातही झकास, पण आतला डीएनए बराच तुटका. अशाने गर्भ राहिला तरी पडायचा धोका जास्त. तो कागद मी कारखान्यातल्या लॉकरमध्ये, गेजच्या डब्याखाली सरकवला. बायकोला आणि बाईंना सांगितलं, नॉर्मल आहे.

आईने तर कारण आधीच शोधलं होतं. सून स्कूटीवर निफाडला माहेरी गेली होती, खड्ड्यांतून. मी मेहुण्याच्या साखरपुड्यात, भर पंगतीत सांगितलं, की आमचं बाळ निफाडच्या रस्त्याने खाल्लं. पंगत खो खो हसली. बायको वाढत होती. तिची पळी थांबली नाही, म्हणून मला हायसं वाटलं.

तिने स्कूटी बंद केली, माहेर बंद केलं. दुसऱ्या खेपेला ती जिनासुद्धा उतरली नाही. सातव्या आठवड्यात ठोके थांबले. आई म्हणाली, एका जागी बसून बसून असंच होणार.

तिसऱ्या खेपेचं विचारायला गेलो तेव्हा बाईंनी नवी पद्धत समजावली. आजवर सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला चांगला, पळणारा शुक्राणू निवडत होते. आता बशीत एका पदार्थाचे ठिपके ठेवायचे. नीट वाढलेले शुक्राणू त्याला चिकटतात, त्यातलाच एक उचलून स्त्रीबीजात सोडायचा. मी खुशीत म्हणालो, मॅडम, हे तर आमचंच गेज. बाई हसल्या नाहीत. याने मूल होण्याची शक्यता वाढते असं दिसलेलं नाही, गर्भपात थोडे कमी होताना दिसलेत, खात्री नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचा तो रिपोर्ट शेवटी मीच लॅबकडून मागवला. तुम्ही नॉर्मल म्हणाला होतात. खरं सांगितलं असतंत, तर हे मागच्याच वेळी करून बघता आलं असतं."

बायकोने कागद हातात घेतला. तारीख दोनदा वाचली. पार्किंगमध्ये एवढंच बोलली, "घरी सांगा. माझ्यासमोर."

आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "आई, दोष माझ्यात आहे. हिच्यात नाही, रस्त्यातही नाही." जन्मभर स्वतःच्या फजित्या रंगवून सांगणारा माणूस मी, त्यामुळे आई आधी हसली. मी हसत नाही हे पाहून तिचे डोळे भरले. पिठाचा हात तसाच धरून ती सुनेला म्हणाली, "बघ गं. तुझं खापर सोताच्या डोक्यावर फोडून घेतोय. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

मी पुन्हा सांगितलं. रिपोर्ट वाचून दाखवला. जितकं पटवायला जावं तितका मी थोर होत गेलो. आठवड्याभरात ही कीर्ती निफाडला पोहोचली. सासऱ्यांनी फोन करून, आमच्या पोरीला सांभाळून घेता म्हणून आभार मानले. खोटं कशाला बोलू, तो फोन मी लगेच ठेवला नाही.

बायको समोरच उभी होती. माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"तिसऱ्यांदा करायचं का नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "तुम्ही विचारायचं नाही."

सात महिने झाले, मी विचारलेलं नाही. दवाखान्यातून तिला अधूनमधून फोन येतो. ती गच्चीवर जाऊन बोलते, खाली येऊन कुकर लावते. आई मला जास्तीचं तूप वाढते. बायको दवाखान्याला हो म्हणाली की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.