व्हरांड्यात ओतलेले ईथर

आमचे सर्जन स्नेही हल्ली प्रत्येक सत्कारात सांगतात की सांगलीच्या रुग्णालयात मी, भूलतज्ज्ञाने, व्हरांड्यात ईथर ओतले. ही कथा साफ खोटी आहे.

सत्तरच्या दशकापर्यंत तिथे रोग्याच्या तोंडावर जाळी ठेवून तिच्यावर बाटलीतून ईथर थेंबथेंब टाकले जाई. थोडे रोग्याला मिळे. उरलेले सर्जन, परिचारिका आणि भिंतीवरची पाल यांच्यात वाटले जाई. सर्जनसाहेब जांभया देत आणि त्यांना अतिश्रम म्हणत. मी नवे यंत्र आणवले. त्यात रोग्याचा उच्छ्वास चुन्याच्या दाण्यांतून गाळून, उरलेल्या ईथरसह, पुन्हा त्यालाच मिळे. ईथर वाचे, वास मात्र येत नसे. आणि आमच्याकडे भुलीची खात्री वासावरूनच केली जाई.

कडेगावचा एक म्हातारा आतडे अडकल्याने आला. उशीर झाला असता तर आतडे सडले असते. मी त्याला भूल दिली. पण फौजेतून रजेवर आलेल्या मुलाने सर्जनना दारातच अडवले.

"आवं, माझ्या आईला हितंच भूल दिली, तवा फाटकापातूर वास आला व्हता. आज काईच न्हाई. जित्या माणसाला कापताय व्हय?"

"आत ये, बापाच्या पायाला चिमटा काढून बघ," मी ओरडलो.

त्याने चिमटा काढला. म्हातारा हलला नाही. मुलाचा चेहरा उतरला. "वास न्हाई, हालचाल न्हाई. मारला का काय, डॉक्टर?" असे म्हणत तो पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

तेव्हा सर्जननी कपाटातली बाटली घेतली आणि व्हरांड्यातल्या फरशीवर रिकामी केली. कोणी बिडी पेटवली असती तर पुढचे सत्कार टळले असते. माझा हात त्या वेळी म्हाताऱ्याला श्वास देणाऱ्या यंत्राच्या पिशवीवर होता. हे त्यांनी एकदा तरी व्यासपीठावर सांगावे.

मुलाने छाती भरून वास घेतला. "हां, आता बराबर. लय कडक हाय!" तो बाजूला झाला. पोट उघडले तेव्हा आतडे अजून लालच होते, काळे पडले नव्हते; म्हातारा वाचला.

पुढे प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी व्हरांड्यात बाटली ओतण्याचा शिरस्ताच पडला. ईथरचा खप पूर्वीपेक्षा वाढला. व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारले, यंत्र गळते का? मी म्हणालो, व्हरांडा गळतो. ते हसले आणि त्यांनी यंत्र दुरुस्तीला पाठवले.